गावाने राखलेली वास्तू : गोवा आणि वसईच्या ग्रामचर्चांची कथा

(१)
जुन्या गोव्यातील मोन्ते सांतू टेकडीवर जांभ्या दगडाचा एक भग्न मनोरा उभा आहे. तो ऑगस्टिनी संन्याशांच्या मठातील चर्चचा. सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या मनोऱ्याची उंची सुमारे ४६ मीटर. १८३५ मध्ये मठ रिकामा झाला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंतीचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला. त्याच तिसवाडी तालुक्यात तळावली गावी सांत आनाचे चर्च आहे. तेही सतराव्या शतकातलेच. दगड तोच, चुना तोच, पाऊसही तोच. ते मात्र आजही उभे आहे.

(२)
असे का व्हावे? एका बलाढ्य संघाचा वैभवशाली मठ शंभर वर्षांत ढासळतो आणि खेड्यातले चर्च टिकते, याचे उत्तर केवळ स्थापत्यात सापडत नाही. ते जमीन, महसूल, भाषा, जात आणि गावकी यांच्या इतिहासात दडलेले आहे. आजचा धागा त्याच शोधाचा. वाटेत मंदिरविध्वंसाचे प्रकरण येईल, मराठ्यांची वसईची मोहीम येईल आणि मराठीतले एक अद्भुत पुराणही येईल. धागा थोडा दीर्घ आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

(३)
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. प्रत्येक चर्च एकाच प्रकारचे नसते. बिशपचे मुख्यासन जिथे असते ते कॅथीड्रल. संन्याशांच्या निवासाला जोडलेले ते मठाचे चर्च. आणि ठरावीक सीमेतील सर्व कॅथलिक कुटुंबांचे, बाप्तिस्म्यापासून दफनापर्यंतचे हक्काचे स्थान ते पॅरिश चर्च. वसईचे मराठी भाषक ख्रिस्ती पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतात. गोव्यात चर्चला 'इगर्ज' आणि पॅरिशला 'फिर्गज' म्हणतात. दोन्ही शब्द पोर्तुगीजमधून आले. 'धर्मग्राम' या शब्दातले 'ग्राम' लक्षात ठेवा. आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

(४)
ही व्यवस्था युरोपात मध्ययुगात रुजली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून एकदा तरी आपल्या पॅरिशच्या धर्मगुरूकडे पापनिवेदन करावे, असा दंडक घातला. पुढे ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–१५६३) पॅरिश-धर्मगुरूचे अधिकार आणि कर्तव्ये काटेकोर केली. विवाह त्याच्या व साक्षीदारांच्या समक्ष व्हावा आणि त्याची वहीत नोंद राहावी, असे ठरवले. ट्रेंटची ही शिस्त युरोपात नवी असतानाच गोव्यात येऊन पोहोचली. त्यामुळे गोव्याची ग्रामचर्चे आरंभापासूनच पूजास्थान आणि दफ्तर अशा दुहेरी स्वरूपाची होती.

(५)
आता कालपट. १५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा जिंकला. १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षअखेर गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे निरनिराळ्या संघांनी तालुके वाटून घेतले. साष्टीत जेझुइट आले, बारदेशात फ्रान्सिस्कन. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव चर्चे उभी राहू लागली. राशोल आणि मडगाव येथील चर्चांचा आरंभ १५६५ च्या आसपासचा.

(६)
इथे एक कटू सत्य टाळून पुढे जाता येत नाही. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडण्यात आली. साष्टीतल्या विध्वंसात राशोलच्या किल्ल्याचा कप्तान दियोगु रॉड्रिगिश याचा पुढाकार होता. मडगावचा दामोदर झांबावलीस गेला, कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळोशीची शांतादुर्गा फोंड्याच्या परिसरात गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटीश्वराला डिचोलीतील नार्वे गावी आश्रय मिळाला. त्याच मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. मडगावचे होली स्पिरिट चर्च दामोदराच्या मूळ जागी उभे आहे.

(७)
विरोध झाला नाही असे नाही. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे चर्चसाठी जागा पाहायला आणि क्रूस रोवायला आलेल्या पाच जेझुइटांना गावकऱ्यांनी ठार मारले. पुढे वाटाघाटीच्या निमित्ताने गावच्या प्रमुख गावकऱ्यांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. चर्चच्या इतिहासात त्या पाच जणांची हुतात्मे म्हणून नोंद आहे आणि कुंकळ्ळीच्या स्मृतीत गावकरी हुतात्मे आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही नोंदी एकाच वेळी समोर ठेवून वाचता आल्या पाहिजेत.

(८)
देवळे पडल्यावर देवळांच्या जमिनींचे काय झाले? हा प्रश्न कळीचा. गोव्यात 'गावकरी' ही प्राचीन ग्रामसंस्था होती. गावाची जमीन सामाईक. तिचे उत्पन्न बांध, रस्ते, देवस्थान आणि सेवेकरी यांवर खर्च होई, उरलेले गावकर वाटून घेत. १५४१ मध्ये तिसवाडीच्या गावकरांकडून देवस्थान-जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्यासाठी लिहून घेण्यात आले. देवस्थान गेले आणि त्याच्या जागी चर्च आले, पण त्याला पोसणारी गावकी तीच राहिली. देवळातले मानपान चर्चच्या मंडळांत, म्हणजे 'कोन्फ्रारी'त आले. फेस्ताचा मान कुणाचा, मिरवणुकीत पुढे कोण, यावरून जातीजातींत वाद झडले. धर्म बदलला, तरी गावाची घडण एका फटक्यात बदलली नाही.

(९)
आता वास्तूकडे वळू. गोव्यातल्या कोणत्याही जुन्या इगर्जेसमोर उभे राहिले की पहिली दिसते ती मोकळी फरसबंद जागा आणि तिच्या मध्यावरचा क्रूस. मडगावच्या चर्चसमोरचा नक्षीदार चौथऱ्यावरील क्रूस याचा उत्तम नमुना. ही जागा केवळ शोभेची नव्हे. मिरवणूक इथून निघते, फेस्ताची फेरी इथेच भरते, गावाच्या वार्ता इथेच पसरतात. मंदिराचे प्रांगण जे काम करीत असे, तेच हे मैदान करते.

(१०)
नंतर दर्शनी भिंत. रचना साधारण ठरलेली: तीन उभे भाग, त्यांवर मजल्यांच्या आडव्या पट्ट्या, दोन बाजूंना चौकोनी मनोरे आणि मध्यभागी वर त्रिकोणी किंवा वळणदार शिरोभाग. भिंतीतून किंचित पुढे आलेले अर्धस्तंभ तिला उठाव देतात. बांधकाम जांभ्या चिऱ्यांचे. जांभा सहज तासता येतो, पण त्यात बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून सारी नजाकत चुन्याच्या गिलाव्यात उतरली. जिथे टणक दगड हवा होता तिथे काळा पाषाण आणला गेला. जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीवरचा काळा दगड वसईहून समुद्रमार्गे आला, असे सांगतात.

(११)
पांढरा रंग हा तर या वास्तूंचा प्राण. चुन्याची सफेदी डोळ्यांना सुखावते, आणि तिचे मुख्य काम संरक्षणाचे आहे. जांभा सच्छिद्र असतो. कोकणातल्या पावसात तो पाणी पितो. चुन्याचा लेप ओलावा अडवतो आणि आत शिरलेला ओलावा बाहेर पडू देतो. पण हा लेप दर पावसाळ्यात झिजतो, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. सारांश, जांभ्याची इमारत एकदा बांधून संपत नाही. तिला वर्षानुवर्षे कुणीतरी हात लावत राहावे लागते.

(१२)
आत शिरले की लांबट सभागृह लागते. त्याच्या टोकाला मोठी कमान, पलीकडे वेदीचा गाभारा. वेदीमागे सोन्याचा मुलामा दिलेली, मजल्यामजल्यांची कोरीव लाकडी भिंत असते. एका बाजूला उंचावर प्रवचनपीठ, दारावर गायकांचा सज्जा. ट्रेंटनंतर प्रवचनाला विशेष महत्त्व आले आणि बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून मंडप असा केला की प्रत्येकाला वेदी दिसावी आणि प्रत्येकाला शब्द ऐकू यावा. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसवीत. त्यांतून येणारा दुधाळ प्रकाश ज्याने पाहिला, तो विसरत नाही.

(१३)
हे लाकूड कोरले कुणी? याचे उत्तर एका मनाईतून मिळते. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमांचे काम हिंदू कारागिरांना देऊ नये, असा निर्बंध घातला. जी गोष्ट घडतच नाही, तिच्यावर बंदी घालण्याची गरज पडत नाही. मनाईच्या हुकमांकडे पुरावा म्हणून पाहायला शिका. इतिहासलेखनात त्यांचा फार उपयोग होतो. वेदीवरच्या वेलबुट्टीत आणि देवदूतांच्या गोल चेहऱ्यांत आपल्या ओळखीचे काही दिसले, तर तो निव्वळ भास नसतो.

(१४)
सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एक महत्त्वाचे वळण आले. स्थानिक गोमंतकीय धर्मगुरूंचा वर्ग पुढे आला. ऑगस्टिनी, जेझुइट आदी संघ त्यांना बरोबरीचे स्थान देत नव्हते. तळावलीचे सांत आना चर्च याच काळात, १६८१ ते १६९५ मध्ये बांधले गेले. कामाचा आरंभ फ्रान्सिश्कु दु रेगु या गोमंतकीय धर्मगुरूने केला. त्याच्या मृत्यूनंतर ते आन्तोनियु फ्रान्सिश्कु द कुन्य याने पूर्ण केले. दिवाडीचे पिएदाद चर्च आन्तोनियु जुवांव द फ्रियश या दुसऱ्या गोमंतकीय धर्मगुरूच्या कल्पनेतून उभे राहिले. स्थापत्याचे इतिहासकार पाउलु वारेला गोमिश यांचे प्रतिपादन असे, की ही चर्चे पोर्तुगीज नमुन्यांच्या नकला नाहीत. ती गोमंतकीयांनी घडवलेली स्वतंत्र शैली आहे. परकी भाषा आत्मसात करून तिच्यात आपले काव्य लिहावे, तशी.

(१५)
देवाणघेवाण एकाच दिशेने झाली नाही. फोंडा परिसरात स्थलांतरित दैवतांची नवी मंदिरे अठराव्या शतकात भव्य स्वरूपात उभी राहिली. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिराला शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचे पाठबळ लाभले. या मंदिरांचे घुमट, अर्धस्तंभ, कमानदार खिडक्या आणि मजल्यामजल्यांच्या दीपमाळा पाहा. चर्चचे स्थापत्य तिथे अगदी सहज वावरताना दिसते. ज्या शैलीच्या नावाने देव गाव सोडून गेले, तिच्यातील काही रूपे देवांच्या नव्या घरात आली. गवंडी दोन्हीकडे कोकणचेच होते.

(१६)
आता भाषा. इंग्लंडहून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि आयुष्याचा बराच काळ साष्टीत राहिला. नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची सवय होती, ती तुटल्याची खंत होती. त्यांच्यासाठी त्याने कोकणीची झाक असलेल्या मराठीत, ओवीछंदात सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. रविवारी आणि सणावारी ग्रामचर्चांतून त्याचे वाचन-गायन होई. क्षणभर डोळ्यांसमोर आणा: युरोपीय धर्तीची वेदी, शिंपल्यांच्या खिडक्या आणि त्यांत घुमणारी मराठी ओवी.

(१७)
हा सूर पुढे दाबला गेला. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी-बारदेशात घुसल्या होत्या. काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला: स्थानिक भाषा सोडून लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी. भाषा मेली नाही. घरात, शेतात, प्रार्थनेत ती बोलली जात राहिली. पण क्रिस्तपुराणाच्या मूळ छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांमुळे ते पुराण वाचले.

(१८)
इथून उत्तरेला वसईकडे जाऊ. आपल्या मूळ प्रश्नाची कसोटी इथे लागते. वसईच्या किल्ल्यात पाच-सहा चर्चांचे अवशेष आहेत. त्यांत सेंट जोसेफचे चर्च मठाचे नव्हते. ते शहराचे पॅरिश चर्च होते. १६०१ मध्ये आर्चबिशप आलेइशु द मेनेझिश यांच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाल्याचा शिलालेख आहे. म्हणजे ग्रामचर्चे टिकतात असे सरसकट म्हणावे, तर हे चर्चही टिकायला हवे होते. तेही भग्न आहे.

(१९)
कारण मे १७३९. चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढा आणि भीषण रणसंग्रामानंतर वसई घेतली. तहाप्रमाणे पोर्तुगीज सैन्य सन्मानाने बाहेर पडले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्मपालनाची मोकळीक मिळाली. किल्ल्यातील पोर्तुगीज कुटुंबे निघून गेली, आणि सेंट जोसेफ चर्चचा धर्मग्रामच नाहीसा झाला. किल्ल्याबाहेर मात्र शेतकरी, बागायतदार, कोळी आपल्या जमिनीवर राहिले. युरोपीय संन्यासी गेले, तेव्हा गोमंतकीय धर्मगुरूंनी त्यांची सेवा केली. पापडी, रमेदी, सांडोर येथील धर्मग्राम सोळाव्या शतकापासून आजवर नांदते आहेत. इमारती दुरुस्त झाल्या, वाढल्या, बदलल्या. वस्ती अखंड राहिली.

(२०)
वसईच्या चर्चांचा आणखी एक अंश महाराष्ट्रभर विखुरला आहे: घंटा. विजयानंतर त्या मराठा सरदारांनी आपापल्या श्रद्धास्थानी नेल्या. भीमाशंकर, नाशिकचा नारोशंकर, वाईजवळचे मेणवली, नसरापूरचा बनेश्वर. मेणवलीच्या घंटेवर बाल येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ हे वर्ष दिसते. शतकानुशतके भाविक ती वाजवत आले. हा विजयाचा मानकरी ठेवा आहे, आणि धातूवरचा एक दस्तऐवजही. पुढच्या वेळी टोल देण्याआधी घंटेवरची अक्षरे जरूर वाचा.

(२१)
आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. १७५९ मध्ये पोर्तुगालने जेझुइटांना हद्दपार केले. १८३४ मध्ये सर्व पुरुष धर्मसंघ विसर्जित करण्याचा हुकूम निघाला आणि पुढच्या वर्षी तो गोव्यात लागू झाला. मठांचे मालक एका फटक्यात नाहीसे झाले. छतावरचे कौल फुटले तर बदलायला, भिंतीला चुना लावायला कुणी उरले नाही. जेझुइटांनी सोडलेली साष्टीतली ग्रामचर्चे मात्र स्थानिक धर्मगुरूंच्या हाती गेली आणि त्यांचे पोशिंदे, म्हणजे गावकरी व कोन्फ्रारी, जागेवरच होते. जांभ्याला दरवर्षी लागणारा हात मठाला मिळेनासा झाला, गावाला मिळत राहिला.

(२२)
त्या भग्न मठाची एक प्रचंड घंटा आजही वाजते. ती काही काळ आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ मध्ये पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या माथ्यावर चढवली गेली. पणजीतल्या त्या शुभ्र चर्चच्या नागमोडी पायऱ्यांवर तुम्ही छायाचित्र काढले असेल. वरची ती घंटा पडक्या मनोऱ्याची आहे. मठाचा आवाज अखेर एका पॅरिशने सांभाळला.

(२३)
दगडाइतकेच मोलाचे म्हणजे कागद. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्यांत राजे-सरदार नसतात, सामान्य माणसे असतात. नागरी नोंदणी येण्यापूर्वीची कुटुंबे, आडनावे, साथीच्या वर्षी वाढलेले मृत्यू, परगावी गेलेले खलाशी यांचा माग काढायला यांच्याइतके साधन दुसरे नाही. वाळवी आणि दमट हवा या वह्यांच्या शत्रू. देवळाच्या हिशेबाची चोपडी असो वा इगर्जेची वही, ती वाचवणे हे इतिहासाचेच काम आहे.

(२४)
चर्चची वास्तू उपासनेबरोबर बदलते, हे मुंबईत दिसते. दादरचे 'पोर्तुगीज चर्च' म्हणजे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन, १५९६ मध्ये स्थापन झालेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) लोकभाषेत उपासनेला मुभा दिली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून वेदीमागे उभा राहू लागला. त्यानंतर चार्ल्स कोरिया यांनी १९७० च्या दशकात इथे शंकूसारखी छपरे आणि मोकळी अंगणे असलेले नवे चर्च रचले. १६८४ च्या हुकमाने ज्या भाषांना दार बंद केले होते, त्या वेदीवर परतल्या. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तो याच दीर्घ प्रवासाचा एक टप्पा.

(२५)
आजचा धोका मात्र जुन्या संकटांपेक्षा वेगळा आहे. १९५० च्या दशकात बॉम जेझूचा चुन्याचा गिलावा काढण्यात आला, जांभा उघडा पडला. आज लाखो पर्यटक त्या तांबूस भिंतीलाच 'अस्सल' समजतात, आणि पाऊस ती कुरतडतो आहे. दुसरीकडे चुन्याच्या जागी सिमेंट थापले जाते. ओलावा आत कोंडतो आणि दगड आतून भुगा होऊ लागतो. लोकसंख्या वाढली म्हणून जुनी इमारत पाडून मोठी बांधण्याचाही मोह होतो. यात दुष्टबुद्धी क्वचितच असते. गावाचे प्रेमच असते. पण ज्ञानाशिवाय प्रेम वास्तूला अपाय करू शकते.

(२६)
तेव्हा पुढच्या सहलीत एखाद्या खेड्यातल्या इगर्जेसमोर पाच मिनिटे थांबा. आवारातला क्रूस, भिंतीचा चुना, मनोऱ्यावरची घंटा, दारावरचे वर्ष पाहा. इथे आधी काय होते, हा प्रश्न विचारा. ज्यांनी हे बांधले, दुरुस्त केले आणि राखले ते कोण होते, हाही विचारा. पहिल्या प्रश्नात वेदना आहे, दुसऱ्यात शेकडो वर्षांचे श्रम आहेत. एक प्रश्न विचारून दुसरा गिळून टाकला, तर हाती प्रचार उरतो, इतिहास उरत नाही.

(२७)
तुमच्या गावातील देवळात पोर्तुगीज घंटा असेल किंवा जवळपास जुने ग्रामचर्च असेल, तर त्यावरचा लेख आणि वर्ष टिपून घ्या, परवानगी घेऊन छायाचित्र काढा आणि या धाग्याखाली जोडा. अशा नोंदी एकत्र आल्या, तर पुढच्या अभ्यासकाला वाट सापडेल. धागा समाप्त.